एकच सीडी प्लेयर आणि सोलापुरातली न जुळणारी मते

साधारण पन्नास हजार रुपयांना मिळणारा, हौशी श्रोत्यांसाठीच्या यंत्रांच्या पहिल्या पायरीवर असलेला एक सीडी प्लेयर सोलापुरात माझ्या ओळखीच्या चार घरांत आहे आणि एक माझ्याकडे आहे. सगळी यंत्रे एकाच कंपनीची आणि एकाच मॉडेलची आहेत. तरी त्यांच्या मालकांची मते ओळीने ऐकली तर प्रत्येक जण वेगळ्याच यंत्राबद्दल बोलत असावा, असे वाटेल. रेल्वे लाइन्समधल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना त्याचा आवाज कर्कश वाटतो. पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखानदारांना तोच आवाज इतका मवाळ वाटतो की त्यांना ॲम्प्लिफायरचे ट्रेबलचे बटण कायम पुढे ठेवावे लागते. जुळे सोलापुरातल्या तबल्याच्या एका शिक्षकांचे म्हणणे असे की बायाँ, म्हणजे डाव्या हाताचा डग्गा, ताब्यात राहत नाही, घुमतच राहतो. विजापूर रोडवरच्या प्राध्यापक बाईंची आवाजाविषयी काहीच तक्रार नाही. त्यांचा राग आहे तो यंत्रावर, म्हणजे ट्रे, लेन्स आणि दुरुस्ती या तीन गोष्टींवर.

कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव वाचले की वाचक आपली बाजू आधी ठरवतो आणि कारणे मागाहून गोळा करतो. शिवाय मी पुढे जे लिहिणार आहे ते या किमतीच्या बहुतेक प्लेयरना थोड्याफार फरकाने लागू पडते. या मतांचा माग काढताना माझी जी समजूत झाली ती आधीच सांगून टाकतो. मालक आवाजाबद्दल जे सांगतात त्यातला मोठा भाग यंत्राच्या बाहेर घडलेला असतो, आणि ट्रे, लेन्स, सुटे भाग यांबद्दल जे सांगतात ते जवळजवळ नेहमी यंत्राचेच असते. नवा प्लेयर घ्यायला निघालेला माणूस मात्र पहिल्या प्रकारचे मत जिवाचा कान करून ऐकतो आणि दुसऱ्या प्रकारच्या मताला किरकोळ कुरकुर समजून सोडून देतो.

प्लेयर नेमके काय करतो, हे थोडक्यात सांगायला हवे. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ठरवलेली ही पद्धत १९८२ साली बाजारात आली आणि तिचे मूळ आकडे तेव्हापासून बदललेले नाहीत: सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाच्या लाटेची आकड्यांत घेतलेली मोजमापे, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. तबकडीवरचा सर्पिल माग आतून बाहेर वाचला जातो. त्याच्या दोन वेढ्यांमधले अंतर १.६ मायक्रोमीटर असते, आणि वाचण्याचा वेग सारखा राहावा म्हणून तबकडी सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि शेवटी सुमारे २००. माहिती तबकडीवर सलग नसून विखरून लिहिलेली असते, त्यामुळे मागाच्या दिशेने अडीच मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा आला तरी हरवलेले आकडे गणिताने जसेच्या तसे परत मिळवता येतात. त्यापलीकडे गेले की प्लेयर आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज बांधतो, आणि तेही जमले नाही की गप्प होतो. म्हणून "हा प्लेयर सीडीतले जास्त बारकावे वाचतो" हे वाक्य मला कधीच पटलेले नाही. धडधाकट सीडीवरून स्वस्त यंत्रालाही तेच आकडे मिळतात. महाग यंत्रात जादा पैसे जातात ते वीजपुरवठ्याच्या भागात, आकड्यांचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणाऱ्या डॅकमध्ये, त्याच्या पुढच्या सर्किटमध्ये आणि पेटीच्या जाड पत्र्यात. तबकडी फिरवणारी यंत्रणा मात्र पुष्कळदा खालच्या किमतीच्या यंत्रातलीच असते, आणि प्राध्यापक बाईंच्या रागाचे मूळ तिथेच आहे.

पण आधी बँकवाल्या काकांचा कर्कशपणा पाहू. त्यांचा ॲम्प्लिफायर भारतीय बनावटीचा, ऐंशीच्या दशकातला आहे. त्यांनी तो इतक्या निगुतीने सांभाळला आहे की आतल्या पट्टीवर धूळ शोधूनही सापडत नाही. अशा ॲम्प्लिफायरचे इनपुट कॅसेट डेक आणि ट्यूनर डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले असे, आणि पूर्ण आवाजासाठी त्याला १५० ते २०० मिलिव्होल्ट पुरत. सीडी प्लेयर कमाल पातळीला २ व्होल्ट देतो, म्हणजे दहापट किंवा त्याहूनही जास्त. याचे दोन परिणाम होतात. व्हॉल्यूमचे बटण जरासे हलवले की खोली भरून जाते, त्यामुळे ऐकणे कायम बटणाच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात होते. तिथे जुन्या बटणाच्या डाव्या-उजव्या पट्ट्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि गायक एका बाजूला सरकतो. दुसरा परिणाम अधिक वाईट. ज्या ॲम्प्लिफायरमध्ये व्हॉल्यूमच्या बटणाआधीच एक ट्रान्झिस्टरचा टप्पा असतो, तिथे हा टप्पा मोठ्या संकेताने भरून जातो आणि उंच तानेचे किंवा सनईचे शिखर कापले जाते. बटण कमी केले तरी हे कापलेले शिखर दुरुस्त होत नाही, कारण बटणापाशी पोचण्याआधीच ते कापले गेलेले असते. काकांच्या ॲम्प्लिफायरमध्ये नेमके तसेच होते.

उपाय काही रुपयांचा निघाला. नवी पेठेतल्या एका मेकॅनिककडून दोन्ही बाजूंच्या वायरींत ६.८ आणि ३.३ किलोओहमच्या रोधांची (रेझिस्टरची) एकेक जोडी बसवून घेतली की संकेत साधारण १० डेसिबलने, म्हणजे २ व्होल्टवरून सुमारे ०.६ व्होल्टवर येतो. काकांनी त्यानंतर भीमसेन जोशींची अभंगांची सीडी लावली, सवयीने बटण आठच्या काट्यावर ठेवले, मग हळूहळू दहाच्या काट्यापर्यंत आणले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "आता बरं आहे, पण कॅसेटसारखं नाही." ही दुसरी गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली आणि ती खरीच आहे. साध्या कॅसेटवर १२ ते १४ हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही उरत नाही; ज्यांचे अर्धे आयुष्य कॅसेट ऐकण्यात गेले त्यांच्या कानाला तीच उतरण हेच गाण्याचे खरे रूप वाटते. सीडीतली झांज त्यांना टोचते, कारण कॅसेटमध्ये ती पूर्ण वाजलेलीच नव्हती. यात प्लेयरचाही दोष नाही आणि काकांचाही नाही. मात्र काका आजही आपले मत लोकांना सांगताना "हा प्लेयर कर्कश आहे" असेच सांगतात; रोधांच्या जोडीची हकिगत त्यात येत नाही. ज्यांनी त्यांच्याकडे चौकशी केली त्यांतल्या काहींनी तेवढ्यावरून दुसरे यंत्र घेतले असेल, तर ते यंत्रही २ व्होल्टच देत असणार.

पूर्व भागातल्या कारखानदारांचे मत याच्या बरोबर उलट आहे, आणि त्याचे कारण ऐकून मला वाईट वाटले होते. त्यांचे आजोबा तेलंगणातून आलेले, घरात तेलुगू बोलली जाते, आणि त्यांच्याकडे जुन्या तेलुगू चित्रपटगीतांच्या आणि त्यागराजांच्या कृतींच्या सीडींचा असा संग्रह आहे की सोलापुरात दुसरा असेल असे वाटत नाही. कारखाना घराला लागूनच. धोट्याच्या यंत्रमागांच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो आणि ते विसाव्या वर्षापासून तिथे उभे आहेत. मागे त्यांनी मुलाच्या आग्रहावरून कानांची तपासणी करून घेतली, तेव्हा आलेखात ४,००० हर्ट्झच्या आसपास ठळक खड्डा दिसला. सततच्या कारखानी गोंगाटाने होणाऱ्या बहिरेपणाची ही ओळखीची खूण आहे. माणसाचा कान ज्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो आणि जिथे व्यंजनांची धार, तबल्याच्या चाटीचा कडकपणा, व्हायोलिनचा घासल्याचा स्पर्श असतो, नेमका तोच पट्टा त्यांना कमी ऐकू येतो. साहजिकच त्यांना प्लेयर मवाळ वाटतो. त्यांचा मुलगा त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसून म्हणतो, "आप्पा, कान फुटतील, ट्रेबल कमी करा की ओ." एका घरात, एका यंत्राबद्दल, एकाच गाण्याबद्दल दोन मते आणि दोन्ही खरी.

त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्यांच्या संग्रहात स्वतः भरून घेतलेल्या एमपी३ सीडीही बऱ्याच आहेत, एकेका तबकडीवर शंभराहून जास्त गाणी असलेल्या. प्लेयर त्या वाजवतो. पण १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये १६ हजार हर्ट्झच्या वरचा भाग बहुधा कापूनच टाकलेला असतो, आणि टाळ्या, झांजा, घुंगरू यांसारख्या आवाजांची पार रया जाते. आप्पांचे "मवाळ" हे मत अशा तबकड्यांवरून किती बनले आणि छापील सीडींवरून किती, हे त्यांनाही सांगता येत नाही. मत विचारताना कोणत्या तबकड्या ऐकता, हा प्रश्न आपण जवळजवळ कधीच विचारत नाही.

तबल्याच्या सरांच्या तक्रारीला गणिताचा आधार निघाला, आणि मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात तोच भाग सर्वांत रंजक वाटतो. त्यांची ऐकण्याची खोली बारा फूट लांब आहे. खाली फरशी, वर स्लॅब, बाजूला गुळगुळीत रंगवलेल्या भिंती. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनी पुढेमागे आपटत राहतो आणि काही ठरावीक कंपनसंख्यांना उभ्या लाटा तयार होतात. बारा फुटांच्या अंतराला पहिली लाट सुमारे ४७ हर्ट्झला आणि दुसरी सुमारे ९४ हर्ट्झला येते. बायाँचा भरदार गुंजारव बराचसा याच दुसऱ्या लाटेच्या आसपास असतो. तिचा जोर दोन्ही भिंतींना लागून आणि खोलीच्या बरोबर मध्यावर सर्वांत जास्त असतो, तर भिंतीपासून चौथाई अंतरावर, म्हणजे तीन फुटांवर, ती जवळजवळ नाहीशी होते. सर ऐकायला बसतात ते मागच्या भिंतीला पाठ टेकून, कारण गादी तिथेच आहे आणि पाठदुखीही आहे. म्हणजे बायाँ सर्वांत जास्त जिथे फुगतो तिथेच त्यांचा कान. मी त्यांना गादी पुढे ओढायला सांगितली. तीन फुटांवर बायाँ असा काही आटला की त्यांना तेही आवडले नाही. दोन फुटांवर मात्र "हं, आता मींड कळतेय" असे ते म्हणाले. पाठीला टेकायला आता लोड आहे.

त्याआधी त्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून मागच्या भिंतीवर चांगली जाड सोलापुरी चादर टांगली होती. आमच्या गावची वस्तू म्हणून तिच्यावर माझे प्रेम आहे, पण तिच्याकडून बायाँ आवरण्याची अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्याय आहे. काही मिलिमीटर जाडीचे कापड फक्त उंच स्वर शोषते. ९४ हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेतीन मीटरहून जास्त असते, तिला चादरीचा पत्ताही लागत नाही. उलट चादरीमुळे उंच स्वर दबले आणि बायाँ तुलनेने अधिकच पुढे आला. जुन्या सोलापुरातल्या माळवदाच्या घरांत, जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया आणि फळ्यांचे छत असलेल्या खोल्यांत हेच स्पीकर मी ऐकले आहेत; तिथे हा घुमारा नावालाही नव्हता. नव्या वस्तीतल्या फरशी आणि स्लॅबच्या खोल्यांनी किती यंत्रांना बदनाम केले असेल, कोण जाणे.

आता ज्या मुद्द्यावर या मंडळींत खरोखर वाद आहे आणि तो मलाही सोडवता आलेला नाही, त्याकडे येतो. या प्लेयरच्या मेन्यूमध्ये दोन फिल्टर आहेत. ४४,१०० नमुन्यांच्या पद्धतीत २२,०५० हर्ट्झच्या वरचे काही ठेवता येत नाही आणि डॅकमधून बाहेर पडताना त्याच्या वर निर्माण होणाऱ्या नकली प्रतिमा काढून टाकाव्या लागतात. पहिला फिल्टर २० हजार हर्ट्झपर्यंत सपाट राहून एकदम कोसळतो. अशा तीव्र कापामुळे प्रत्येक ठोक्याच्या मागेपुढे अतिशय सूक्ष्म, २२ हजार हर्ट्झच्या आसपासची थरथर उमटते. दुसरा फिल्टर आधीपासूनच हळूहळू उतरतो, थरथर कमी करतो, पण वरचा थोडा भाग कमी करतो आणि काही नकली प्रतिमा आत येऊ देतो. सरांचे म्हणणे असे की दुसऱ्या फिल्टरवर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकारता नाद, अधिक मोकळी ऐकू येते. बँकवाले काका म्हणतात की काडीचाही फरक नाही, मेन्यूत काहीतरी असावे म्हणून दिलेली ही सोय आहे. साठी ओलांडलेल्या माणसाला १२ हजार हर्ट्झच्या वरचे बहुधा फारसे ऐकू येत नाही, त्यामुळे काकांचे म्हणणे त्यांच्यापुरते तरी सहज पटते. सर चाळिशीतले आहेत. पण चाळिशीतल्या कानालाही १५ हजारांच्या पलीकडचा हा बारीक फरक जवारीत कळावा, हे मला अवघड वाटते. आणि तरीही सरांचा कान हा माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कमावलेला कान आहे, हे विसरून मी त्यांना खोटे ठरवू शकत नाही.

या वादातूनच एकदा माझ्या घरी सगळ्यांना एकत्र बसवून हा प्लेयर आणि घरातला जुना, दोन-अडीच हजारांचा डीव्हीडी प्लेयर शेजारी शेजारी ऐकण्याचा कार्यक्रम झाला. ज्यांना असे करायचे असेल त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: दोन्हींची पातळी मोजून सारखी केल्याशिवाय ऐकू नये. एका यंत्राने २ व्होल्ट दिले आणि दुसऱ्याने २.३, तर फरक १.२ डेसिबलचा होतो. एवढ्या फरकाने आवाज मोठा झाला असे कुणी म्हणत नाही. अधिक भरीव आहे, अधिक जिवंत आहे, असेच म्हणतात. पातळी जुळवायला स्पीकरच्या खुंट्यांवर मल्टिमीटर लावून एकच स्थिर सूर वाजवायचा. स्वस्त मल्टिमीटर घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेला असतो आणि उंच सुरांना चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून सूर १०० ते २०० हर्ट्झचा घ्यावा. पातळी जुळवण्याआधी त्या बैठकीत सगळ्यांनी एकमुखाने महाग यंत्राला कौल दिला. पातळी जुळवून आणि यंत्रांवर टॉवेल टाकून ऐकल्यावर कौल विस्कटले. आप्पांनी डीव्हीडी प्लेयरला मोठ्या खात्रीने "हाच तुमचा भारीचा" म्हटले आणि टॉवेल काढल्यावर स्वतःच सर्वांत मोठ्याने हसले. सरांचे अंदाज इतरांपेक्षा बरे होते, पण त्यांनाही ते प्रत्येक वेळी साधले नाही.

याने सीडी प्लेयरमध्ये फरक नसतोच असे सिद्ध होत नाही. आमची बैठक म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हती, बाहेर गल्लीत रिक्षा चालू होत्या. पण बॉस्टनमधल्या श्रोत्यांवर झालेला आणि २००७ साली ध्वनी अभियंत्यांच्या जर्नलमध्ये आलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे: सीडीहून वरच्या दर्जाच्या तबकड्या वाजवताना मध्ये सीडीच्या दर्जाचे रूपांतर गुपचूप घातले तर ते ओळखता येते का, हे त्यात पाहिले होते. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडवून मिळते तेवढेच. त्या प्रयोगातल्या तबकड्यांच्या निवडीवर पुढे आक्षेप घेतले गेले, हेही खरे. माझ्यापुरता मी यातून एवढाच अर्थ घेतो की पन्नास हजारांच्या आणि अडीच हजारांच्या यंत्रांत, ठीकठाक बनवलेले असतील तर, आवाजाचा फरक असलाच तर तो गादी दोन फूट पुढे ओढण्याने पडणाऱ्या फरकापेक्षा फारच लहान आहे.

मग जास्त पैसे कशासाठी द्यायचे? टिकाऊपणासाठी, असे उत्तर कुणी दिले असते तर मला पटले असते; आणि इथेच प्राध्यापक बाईंचे मत मोलाचे ठरते. त्यांच्याकडे छापील सीडींबरोबर घरी भरलेल्या सीडीही पुष्कळ आहेत, बहुतेक हुतात्मा स्मृती मंदिरात झालेल्या मैफलींच्या, ओळखीच्या लोकांनी हौसेने ध्वनिमुद्रित करून दिलेल्या. छापील सीडीने लेझरचा किमान ७० टक्के प्रकाश परत पाठवावा अशी अट असते. घरी भरलेली सीडी त्याहून थोडा कमी पाठवते, आणि तिच्यातला रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि उन्हाने खराब होत जातो. एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीपार जाणाऱ्या सोलापुरात खिडकीजवळच्या कपाटात ठेवलेल्या तबकड्यांचे काय होत असेल ते सांगायला नको. नवा असताना प्लेयर त्या वाजवत असे. नंतर त्याला तबकडी ओळखायला वेळ लागू लागला, मग काही तबकड्या त्याने नाकारल्या, मग ट्रे अर्ध्यावर अडकू लागला. बाई शांतपणे सांगतात, "आवाज चांगलाच आहे हो, पण वाजला तर."

ट्रे अडकण्याचे कारण आत असलेला छोटा रबरी पट्टा. उष्णतेने तो सैल पडतो आणि घसरतो. बदलायला स्वस्त, पण पेटी उघडावी लागते. तबकडी न ओळखण्याचे कारण दोनांपैकी एक: लेन्सवर बसलेली धूळ किंवा थकलेला लेझर. आप्पांच्या यंत्रातही हीच तक्रार निघाली आणि तिथे लेन्सवर कापसाचे बारीक तंतू चिकटलेले होते. कारखान्याशेजारी दुसरे काय सापडणार? मऊ ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने त्यांचे काम भागले. बाईंच्या यंत्राचा लेझरच बदलावा लागला. कंपनीचे अधिकृत दुरुस्ती केंद्र सोलापुरात नाही, यंत्र अडीचशे किलोमीटरवर पुण्याला पाठवावे लागले, तिथून सुटा भाग येईपर्यंत वाट पाहावी लागली, आणि आलेले बिल बघून त्या म्हणाल्या की एवढ्यात चार डीव्हीडी प्लेयर आले असते. माझ्या यंत्राचा ट्रेही आता उन्हाळ्यात कुरकुरतो. कान वेगळे, खोल्या वेगळ्या, ॲम्प्लिफायर वेगळे असलेल्या घरांतून जेव्हा एकच तक्रार येते तेव्हा ती यंत्राची असते, आणि या प्लेयरबद्दल अशी एकच तक्रार आहे, ती त्याच्या तबकडी फिरवणाऱ्या भागाची.

एक तक्रार मात्र यंत्राची वाटूनही यंत्राची नव्हती. एका घरात ठरावीक वेळी प्लेयरमधून गुरगुर यायची. वीज गेल्यावर चालू होणारा घरातला इन्व्हर्टर जुना, चौकोनी लाटेचा होता, आणि अशा विजेवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. साइन लाटेचा इन्व्हर्टर आल्यावर गुरगुर थांबली.

हे सगळे माहीत असताना मी हा प्लेयर कुणाला सुचवतो? ज्यांच्याकडे सीडींचा खरोखर संग्रह आहे, विशेषतः जी ध्वनिमुद्रणे आज दुसरीकडे मिळत नाहीत अशा मराठी, कन्नड, तेलुगू तबकड्यांचा, आणि ज्यांना रोज उठून वायरी जोडत बसायचे नाही, त्यांना. आवाज सुधारायचा म्हणून कुणी घेणार असेल तर त्याने आधी स्पीकरची आणि गादीची जागा बदलून पाहावी. ज्यांच्याकडे बरा डॅक आहे त्यांनी तर डिजिटल आउटपुट असलेला कोणताही चालू डीव्हीडी प्लेयर त्याला जोडावा आणि तो बिघडला की दुसरा आणावा. बाईंनी शेवटी हेच केले आणि पुण्याहून दुरुस्त होऊन आलेले यंत्र आता विकायला काढले आहे.

ते, किंवा असे कुठलेही वापरलेले यंत्र, घ्यायला जाणाऱ्याने विक्रेत्याला आवाज कसा आहे हे विचारण्यात वेळ घालवू नये. सोबत सत्तर मिनिटांहून लांब अशी एक छापील सीडी आणि घरी भरलेली एक जुनी सीडी न्यावी. ट्रे पाठोपाठ काही वेळा उघडबंद करावा. तबकडी ओळखायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहावे. मग थेट शेवटचे गाणे लावावे, कारण माग आतून बाहेर जातो आणि तबकडीच्या कडेला, जिथे ती थोडीही वाकडी असली तर सर्वांत जास्त हलते, तिथे थकलेला लेझर आधी अडखळतो. शेवटच्या गाण्यापर्यंत पोचायला यंत्राने घरघर करत चाचपडायला सुरुवात केली, तर किंमत निम्मी सांगावी किंवा चहा पिऊन परत यावे. हे सगळे शक्यतो मे महिन्यात, दुपारी करावे.